घसरत्या गुणांचा खुलासा कोणी द्यावयाचा?

शाळेतील मुलांचे गुण घसरले की आपल्याकडे एक ठरीव विधी पार पडतो. वरून एक परिपत्रक निघते. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचते, तेथून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला आणि अखेरीस एखाद्या दोनशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाती पडते. आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांची संपादणूक अपेक्षेपेक्षा कमी का, याचा लेखी खुलासा अमुक दिवसांच्या आत सादर करावा, असे त्यात फर्मावलेले असते. खुलासा सादर होतो, फायलीत लागतो आणि पुढील परिपत्रकाची वाट पाहत पडून राहतो. खालच्याने वरच्याकडे असा खुलासा मागण्याची सोय मात्र या व्यवस्थेत कोठेही नाही. मुलांची परीक्षा होते, शिक्षकांची चौकशी होते. परंतु ज्यांच्या हाती नेमणुका, बदल्या, पैसा आणि आदेश आहेत, त्यांची परीक्षा कोणी घेत नाही. शिक्षणाच्या घसरणीचे मूळ शोधावयाचे तर ते या एकतर्फी व्यवहारात शोधावे लागेल.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या ‘परख’ या संस्थेने ४ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळांमध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. देशाची सरासरी अशी आहे: तिसरीत भाषेत ६४ टक्के आणि गणितात ६०, सहावीत भाषेत ५७ आणि गणितात ४६, नववीत भाषेत ५४ आणि गणितात ३७. ही एकाच दिवशी तपासलेली निरनिराळी मुले आहेत, तीच मुले घसरत गेली असे यावरून म्हणता येणार नाही, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तथापि इयत्ता वाढावी तसतसे गणिताने मुलांचा हात सोडावा आणि नववीपर्यंत विचारलेल्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश गोष्टी त्यांना येऊ नयेत, हे चित्र कोणत्याही तांत्रिक खुलाशाने पुसले जाणारे नाही.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालांत ग्रामीण भागातील मुलांची घरोघरी जाऊन पाहणी होते. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर गेली. पाचवीतील मुलांचे हेच प्रमाण अनुक्रमे ५०.५, ४२.८ आणि ४८.८ असे आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही २०२२ च्या पाहणीत वाचनाची घसरण दिसून आली होती. या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, कोविडच्या साथीने मोठी हानी केली, हे खरे आहे. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडण्यास परवानगी मिळाली. पावणेदोन वर्षे ज्यांनी फळा पाहिला नाही, त्या मुलांकडून लगेच चमत्काराची अपेक्षा कोणी करू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साथीपूर्वी, सर्व काही सुरळीत असतानाही, पाचवीतील निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नव्हते. म्हणजे साथीने दुखणे वाढविले. ते निर्माण केले नाही. अधिकारीवर्गाला साथीच्या आडोशाला किती वर्षे उभे राहता येईल, हाच काय तो प्रश्न आहे.

मराठी मध्यमवर्गाला अधिक ओळखीचा असलेला मापदंड म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. खेड्यातील मास्तराने सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा फुकट तास घेऊन चौथीच्या मुलांची तयारी करून घ्यावी, जिल्ह्याच्या यादीत एखादे नाव झळकावे आणि त्या एका नावावर गावाने वर्षभर मान ताठ ठेवावी, ही या परीक्षेची परंपरा होती. २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी व सातवीऐवजी पाचवी व आठवीला घेण्यात येऊ लागली. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तर पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक स्तर आठवीपर्यंत धरला आहे, त्याच्याशी मेळ घालणे हा या बदलामागील हेतू होता आणि कागदावर तो निर्दोष होता. परंतु जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. त्यांना पाचवीचे वर्ग जोडून देण्याचे काम रेंगाळले आणि परीक्षा मात्र तत्काळ पुढे सरकली. परिणामी त्या शाळांतील मास्तरांच्या हातून परीक्षाच निघून गेली. २०२५ च्या निकालात पाचवीचे साधारण चारांपैकी एक आणि आठवीचे पाचांपैकी एक मूल उत्तीर्ण झाले. २०२५ मध्येच शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. चूक दुरुस्त झाली, हे चांगलेच झाले. पण मधल्या आठ-नऊ वर्षांत ज्या मुलांची संधी गेली, त्यांच्यासंबंधी कोणाला खुलासा विचारला गेला काय?

उलव्याचे त्रांगडे

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका विशिष्ट स्थळी तो तपासून पाहावा. पनवेल तालुक्यातील उलवे हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. आज उलवे म्हटले की सिडकोच्या नोडमधील उंच इमारती, खारकोपर आणि बामणडोंगरी ही स्थानके, शिवडीहून समुद्र ओलांडून येणारा अटल सेतू आणि शेजारचा विमानतळ डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्या गावावरून या नोडला हे नाव मिळाले, ते उलवे गाव मात्र मूळ जागी उरलेले नाही. विमानतळासाठी जी दहा गावे उठविण्यात आली, त्यांत उलवे, तरघर, कोंबडभुजे आणि गणेशपुरी ही गावे होती. उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळविण्यात आले, तीन हजारांहून अधिक कुटुंबांनी घरे सोडली आणि गावांबरोबर त्यांच्या शाळाही उठल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. टेकडी हलविण्याचे, नदी वळविण्याचे, समुद्रावर २१.८ किलोमीटरांचा पूल बांधण्याचे सामर्थ्य असलेल्या राज्याला चौथीतल्या मुलाकडून भागाकार करवून घेता येऊ नये, ही विसंगती या परिसरात जितकी उघडी पडते तितकी क्वचितच अन्यत्र पडत असेल.

येथील शिक्षणाचा कारभार कोणाकडे आहे, हे पाहू लागल्यास माणूस चक्रावून जातो. जमिनीचे नियोजन सिडकोकडे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात गेले. उलवे बाहेर राहिले. गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आणि गावांतील प्राथमिक शाळा रायगड जिल्हा परिषदेकडे. त्या जिल्हा परिषदेचे मुख्यालय अलिबागला, गटशिक्षणाधिकारी पनवेलला, विभागीय उपसंचालक मुंबईला, शिक्षण आयुक्त पुण्याला आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचा. नोडमधील सदनिकांत राहणाऱ्या नोकरदारांची मुले बहुधा खासगी इंग्रजी शाळांतून जातात आणि तेथील शुल्काच्या विवंचनेत त्यांच्या पालकांना अन्य काही पाहण्यास सवड नसते. जिल्हा परिषदेच्या शाळांत उरतात ती आगरी-कोळी घरांपैकी ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांची, इमारतींवर राबणाऱ्या मजुरांची, पहारेकऱ्यांची आणि मोलकरणींची मुले. ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांची मुले त्या शाळेत नाहीत आणि ज्यांची मुले त्या शाळेत आहेत त्यांचा आवाज अलिबागपर्यंत पोहोचत नाही. घसरण चालू राहते ती अशाच फटीतून.

या मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा आहे. जमीन गेली, भातशेती गेली, खाडीतील मासेमारी आक्रसली. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना विमानतळावर नोकऱ्यांत प्राधान्य मिळावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती न्याय्य आहे. परंतु प्राधान्य मिळाले तरी अर्ज भरावा लागेल, लेखी चाचणी द्यावी लागेल, मालाचे वजन, वेळ आणि पैसा यांचे हिशेब करावे लागतील. नववीत गणिताशी नाते तुटलेल्या मुलाला विमानतळ दोनच कामे देईल: सामान उचलण्याचे आणि फरशी पुसण्याचे. ज्यांच्या आजोबांची जमीन धावपट्टीखाली आहे, त्यांच्या नातवंडांना त्याच धावपट्टीच्या कडेला झाडू मिळावा, ही शिक्षणव्यवस्थेने प्रकल्पग्रस्तांची केलेली दुसरी विस्थापना ठरेल.

रिकाम्या खुर्च्या, भरलेले रकाने

आता नेतृत्वाकडे वळू. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविण्यामागे एक स्पष्ट तत्त्व होते. गावातील शाळेचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या नजरेखाली चालावा, शिक्षण समितीच्या सभेत सदस्याने उठून अमुक गावी मास्तर का नाही, असे विचारावे आणि शिक्षणाधिकाऱ्याने त्याचे उत्तर द्यावे, असे ते तत्त्व. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२५ हे वर्ष सरेपर्यंत निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. साथीनंतर मुलांना सावरण्याची जी सर्वांत मोलाची वर्षे होती, नेमक्या त्या वर्षांत जिल्ह्यात निवडून आलेली शिक्षण समितीच नव्हती. प्रशासकाने प्रश्न विचारावयाचा तो स्वतःलाच आणि उत्तर द्यावयाचे तेही स्वतःलाच. अशा संवादात अवघड प्रश्न सहसा निघत नाहीत.

वरची पाटी अशी कोरी, तर मधली शिडीही मोडकी. १९९४ मध्ये शासनाने दहा-बारा शाळांमागे एक, अशी राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. शाळेत जाऊन वर्ग पाहावा, अडलेल्या शिक्षकाला हात द्यावा, चांगल्या शिक्षकाचे काम इतरांपर्यंत न्यावे, ही कल्पना उत्तम होती. २०२३ मध्ये यांपैकी २,३८४ पदे भरण्यासाठी विभागीय परीक्षा जाहीर झाली आणि नंतर ती लांबणीवर टाकण्यात आली. एका केंद्रप्रमुखाने दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा भार वाहावा आणि मुख्याध्यापकानेच केंद्रप्रमुखाचे काम प्रभारी म्हणून रेटावे, हे चित्र या काळात रूढ झाले. ‘प्रभारी’ हा शब्द आपल्या शिक्षणखात्यात पदनामाचा कायमचा भागच होऊन बसला आहे. प्रभारी माणूस सही करतो. जबाबदारी घेत नाही, आणि ती त्याच्याकडून मागताही येत नाही.

शिक्षकांच्या नेमणुकांचीही तीच कथा. २०१२ पासून अनेक वर्षे भरती जवळजवळ थांबली होती. पुढे ‘पवित्र’ नावाचे संकेतस्थळ आले आणि अभियोग्यता चाचणी आली, तरी रिक्त जागांची रांग संपली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २६ व्या कलमानुसार कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक शिक्षकांच्या जागा रिक्त राहता कामा नयेत. कायदा २००९ चा आहे. हे कलम मोडल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याला शासन झाले, असे ऐकिवात नाही. मुलाने गैरहजर राहिल्यास पटावर लाल शाईची रेघ उमटते. शिक्षकाची जागाच वर्षानुवर्षे गैरहजर राहिली तर तिच्यासाठी रेघ ओढणारा कोणी नाही.

जे शिक्षक आहेत, त्यांचाही वेळ वर्गात जात नाही. त्याच कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई करते. प्रत्यक्षात काय घडले? २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम शिक्षकांच्या अंगावर टाकण्यात आले आणि त्यांच्या संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणासाठी शाळा ओस पडल्या. त्याच वर्षी लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या. त्या कायद्याने मान्य असल्या तरी मतदारयाद्यांचे काम बारमाही चालते. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणी करणारा निर्णय स्वतःच काढला. म्हणजे रोग शासनाला कळला आहे. मात्र निर्णय काढणाऱ्यांनीच दुसऱ्या हाताने नवनवे उपक्रम पाठवावेत आणि प्रत्येकाचे छायाचित्र त्याच दिवशी संकेतस्थळावर चढवावयास सांगावे, हा प्रकार थांबलेला नाही. मूल वाचावयास शिकले की नाही यापेक्षा वाचन उपक्रमाचे छायाचित्र चढले की नाही, याची विचारपूस अधिक कडक होते. खुर्च्या रिकाम्या आणि रकाने भरलेले, अशी ही व्यवस्था आहे.

शिक्षक निर्दोष आहेत काय?

येथे कोणी म्हणेल की, हे सारे शिक्षकांचे वकीलपत्र झाले. शिक्षकांचा काहीच दोष नाही काय? आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. शाळेच्या गावी राहावयाचे नाही आणि घरभाडे भत्त्यासाठी राहत असल्याचा दाखला मात्र आणावयाचा, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. बदलीसाठी जेवढी शक्ती खर्ची पडते, तिच्या निम्मीही काही ठिकाणी अध्यापनासाठी पडत नाही. संघटना वेतनश्रेणीसाठी जितक्या तळमळीने रस्त्यावर उतरतात, तितक्या मुलांच्या वाचनासाठी उतरल्याचे दृश्य विरळा. परंतु या दोषांचीही चिकित्सा केली तर वाट पुन्हा वरच्या मजल्याकडेच जाते. खोटा दाखला मान्य कोण करतो? बदल्यांचा बाजार कोणी वाढविला? २०२१ च्या अखेरीस शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आला. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल पुढे बाद ठरले आणि या प्रकरणात परीक्षा परिषदेतील वरिष्ठ पदावरील व्यक्तींना अटक झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शिक्षकांना वेतन मिळवून देण्यासाठी ‘शालार्थ’ क्रमांक दिल्याचे प्रकरण गाजले आणि त्यातही शिक्षण उपसंचालकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास अटक झाली. दोष सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे. परंतु ज्यांनी पात्रता तपासावयाची त्यांच्याच दारी पात्रतेचा सौदा झाल्याचा आरोप व्हावा, यावरून कुंपणाची अवस्था कळून येते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

पाहणी म्हणजे काय?

शाळांची देखरेख कशी असावी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी आणि सदोष असल्याची तक्रार केली होती. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा फारसा उपयोग नाही. शाळांची तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यापाड्यांत ‘दिपोटी’ या नावाने ओळखला गेलेला तो अधिकारी निदान घोड्यावरून वा बैलगाडीतून येत तरी होता. मुलाला पुढे बोलावून वाचावयास लावत होता. आज रस्ते झाले, वाहने झाली, हातात दूरध्वनी आला आणि पाहणी मात्र संदेशावर आली. भेटीची जागा आढावा बैठकीने घेतली आहे. मूल दृष्टीस न पडता मुलाचा आढावा घेण्याची किमया आपल्या प्रशासनाने साधली आहे.

चांगली देखरेख काय करू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी सुमारे चाळीस शाळांतील शिक्षकांना बरोबर घेऊन अध्यापनाची पद्धत बदलली. त्यासाठी निराळा निधी वा निराळी मुले तेथे आणावी लागली नाहीत. एक अधिकारी शाळेत जाऊन बसत होती, मुले कशी शिकतात हे पाहत होती, शिक्षकांशी चर्चा करीत होती आणि अपयश आले तरी शिक्षकाला नोटीस न देता दुसरा मार्ग शोधत होती. राज्यभरातून हजारो शिक्षक ते काम पाहावयास गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, त्यालाही या प्रयोगाचे बळ मिळाले. मग काय झाले? राज्यातील असंख्य शाळांच्या फरशा रंगल्या. त्यांवर अंक, अक्षरे, चौकटी उमटल्या. कुमठ्याची रंगीत फरशी परिपत्रकातून सर्वत्र पोहोचली, मात्र शाळेत जाऊन बसणारा अधिकारी परिपत्रकातून पोहोचू शकला नाही. मार्च २०२५ मध्ये ‘निपुण महाराष्ट्र’ नावाचा दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठीचा नवा कृतिकार्यक्रम आला. त्याचा हेतू चांगलाच आहे. परंतु दर काही वर्षांनी नाव बदलून तोच संकल्प सोडावा लागतो, याचा अर्थ आधीच्या संकल्पाचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

हिशेब गावापुढे मांडा

यावर उपाय नवीन योजना हा खासच नव्हे. आहे त्या यंत्रणेला उत्तरे देण्यास भाग पाडणे हा उपाय आहे आणि तो पुढील काही साध्या गोष्टींनी होऊ शकेल. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण शिक्षक राज्याच्या संगणकीय यंत्रणेत भरतात. म्हणजे प्रत्येक शाळेतील किती मुलांना वाचता येते आणि किती मुलांना भागाकार येतो, ही माहिती पुण्यात आहे. ती मुलांची नावे वगळून, त्या त्या गावाच्या ग्रामसभेपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे, सोप्या मराठीत, वर्षातून दोनदा ठेवली पाहिजे. तिच्याबरोबर दुसरा एक तक्ता असावा. या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, शिक्षकांचे किती दिवस अन्य कामांत गेले, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी वर्षात किती वेळा आले आणि त्यांनी किती तास वर्गात काढले, हे त्यात लिहिलेले असावे. पहिला तक्ता मुलांचा आणि दुसरा अधिकाऱ्यांचा. दोन्ही शेजारी शेजारी टांगले की गुण का घसरले, हे समजण्यासाठी कोणत्याही समितीची गरज भासणार नाही.

दुसरे असे की, गटशिक्षणाधिकाऱ्याने तालुक्याचा आणि शिक्षणाधिकाऱ्याने जिल्ह्याचा असा हिशेब दरवर्षी जाहीर सभेत स्वतः उभे राहून द्यावा. खुलासा लेखी मागण्यापूर्वी स्वतःचा तोंडी द्यावा. रिक्त पदांबद्दल ते म्हणतील की नेमणुका आमच्या हाती नाहीत. हे त्यांचे म्हणणे खरेही असेल. मग ते त्यांनी लोकांपुढे म्हणावे, म्हणजे पुढचा प्रश्न कोठे विचारावयाचा हे लोकांना कळेल. केंद्रप्रमुखांची पदे भरावीत, आणि एखादे पद तीन महिन्यांहून अधिक प्रभारी राहिल्यास त्याचे कारण वरच्या कार्यालयाने प्रसिद्ध करावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलातच आहे. तिने आपल्या दाराशी असलेल्या उलवे, गव्हाण, वहाळ परिसरातील शाळा पाच वर्षांसाठी हाती घेऊन दाखवाव्यात. जिल्हा परिषदेचे सदस्य, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, यांनी शिक्षण समितीच्या प्रत्येक सभेत बांधकामाच्या निविदांआधी वाचनाचा तक्ता घ्यावा. आणि सिडकोने, जिने या भूमीवर नगर वसविले, शाळा म्हणजे केवळ भूखंड ही दृष्टी सोडून उठविलेल्या गावांच्या शाळांची जबाबदारी जिल्हा परिषदेबरोबर वाटून घ्यावी.

यावर असा आक्षेप येईल की, आकडे चव्हाट्यावर आणले की शाळा ते फुगवतील. हा धोका खरा आहे. परंतु आकडे आज फुगतात ते वरच्याला खूष ठेवण्यासाठी, कारण ते पाहणारा फक्त वरचाच असतो. गावापुढे ठेवलेला आकडा खोटा असेल तर आई आपल्या मुलाला घरी पुस्तक वाचावयास लावील आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारील. अधिकाऱ्याला फसविणे सोपे आहे. आईला फसविणे तितके सोपे नाही.

या परिसराला हिशेब मागण्याची कला शिकविण्याची गरज नाही. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी जमिनीचा मोबदला मागितला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. साडेबारा टक्के म्हणजे किती गुंठ्यांमागे किती चौरस मीटर, हे आज येथील घराघरांतील अशिक्षित म्हातारीलाही तोंडपाठ आहे. कारण तो हिशेब कोणी वरून दिलेला नाही, तो रक्त सांडून मिळविलेला आहे. गणितातील सदतीस टक्क्यांचा हिशेबही याच चिकाटीने मागावा लागेल. जमीन एकदाच जाते आणि तिचा मोबदला एका पिढीत संपतो. वर्गात बसूनही काही न शिकता गेलेली वर्षे मात्र दर जूनमध्ये नव्या मुलांची जातात आणि त्यांचा मोबदला कोणतेही महामंडळ देत नाही. ती वाया का गेली, याचा खुलासा अलिबागेने, पुण्याने आणि मंत्रालयाने द्यावयाचा आहे, आणि तो मागण्याचा अधिकार त्या मुलांच्या आईबापांचा आहे.